घाटात गाडी तापते, गावात तापत नाही. घरच्या घरी काय तपासू?

यवतेश्वर_रोड
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत जुनी गाडी घेतली, २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली, मी तिसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुठली कंपनी चांगली यावरच भांडण लागेल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

झालं असं की गेल्या रविवारी आईला घेऊन पुण्याहून येत होतो. खंबाटकी चढताना पुढं ट्रकांची रांग, पहिला-दुसरा गिअर, मे महिन्यातली दुपार. निम्मा घाट झाला आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, गोडसर वास येत होता पण खाली थेंब नाही. अर्धा पाऊण तास थांबून निघालो तर साताऱ्यापर्यंत काटा एकदम मध्यात. आठवडाभर गावात फिरवतोय, पोवई नाका, राजवाडा, संध्याकाळची गर्दी, काही म्हणजे काही नाही.

गॅरेजला दाखवली. दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय म्हणाले, हेड उतरवावं लागेल, १८ ते २० हजार. गाडी चालूसुद्धा करून बघितली नाही. माझ्याकडं पान्यांचा सेट आहे, मल्टिमीटर आहे, हाताला सवय आहे. घरी काय बघता येईल? आई त्या गाडीत परत बसायला नको म्हणतीय, आणि २० हजारापेक्षा मला तेच जास्त लागलंय.

माण_खटाव
गॅस्केटच आहे. माझ्या चुलतभावाची अशीच तापायची, पाच वेळा पाणी घालून चालवली आणि शेवटी इंजिनच बांधावं लागलं. वेळीच करून घे.

निवृत्त_फिटर
थांब रे बाळा, हेड उतरवायची घाई करू नको. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, तापलेली गाडी आली की आमचे फोरमन पान्याला हात लावू द्यायचे नाहीत, आधी ड्रायव्हरला विचारायचे, तापते कधी. निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

उभी असताना, गर्दीत तापते आणि जरा पळवली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडतीय, पंख्याकडं बघायचं. उभ्यानं ठीक पण जोरात पळवली किंवा चढाला लागली की तापते, तर आतलं पाणी नीट फिरत नाही, मग रेडिएटर तुंबलाय का, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारा व्हॉल्व्ह, उघडतोय का, वॉटर पंप. आणि कुठंही कशीही तापते, गळती नसून पाणी रोज कमी होतं, मागून पांढरा धूर, तर गॅस्केटचा संशय घ्यायचा. तुझं त्रांगडं असं की ट्रकमागं चढ होता, म्हणजे ओझंही होतं आणि हवाही नव्हती, दोन्ही एकदम.

आता सकाळी गाडी गार असताना, म्हणजे रात्रभर उभी असताना, रेडिएटरचं झाकण उघड. गरम असताना उघडलंस तर उकळतं पाणी तोंडावर येतं, मी एका हेल्परचा चेहरा भाजलेला बघितलाय, म्हणून परत सांगतो, गारच. पातळी बघ, रंग बघ. ऑईलची पट्टी ओढून बघ, दुधाळ आहे का, म्हणजे ऑईलमध्ये पाणी मिसळलंय का. फक्त ऑईलच्या झाकणाला आतून जरा पांढरट साय दिसली तर घाबरू नको, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला वाफेनंसुद्धा धरते, पट्टी काय सांगते ते खरं. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू कर. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा असते. पण थांबायचंच नाव न घेता सारखे येत राहिले तर ती सिलिंडरची हवा, मग गॅस्केट. आणि पंखा लागतो का ते बघ. एवढं करून इथं लिही.

गोडोलीकर
काकांनी सांगितलेलं सगळं बरोबर. फक्त एक सांगायचंय, आमचं गॅरेज आहे, वडिलांपासून. यवतेश्वर, तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत हे बरं केलंत. पण गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, बदलायचे देतं, नुसतं शोधायला दोन तास गेले तर त्याचे कोण देत नाही. "नुसतं बघितलं की, त्याचे कसले पैसे?" हे आठवड्यातनं चारदा ऐकतो. मग काही लोक ऐकूनच अंदाज सांगतात. ते चूक आहे, पण कशामुळं होतं तेही कळावं.

यवतेश्वर_रोड
@निवृत्त_फिटर काका, आज पहाटेच उठून सगळं केलं. झाकण उघडलं तर पाणी बोटभर खाली. रंग म्हणजे बिनदुधाच्या चहासारखा, हिरवा लाल काहीच नाही. ऑईलची पट्टी स्वच्छ. बुडबुडे पहिल्या दोन मिनिटांत आले आणि थांबले. धूर नाही. पंखा चालू आहे, एसी लावला की घर्रर्र करून आवाज येतो.

@गोडोलीकर, पटलं. पुढच्या वेळी बघायचे पैसे वेगळे देईन.

पंपवाला
मग रेडिएटर. डोळे झाकून सांगतो. मी किर्लोस्करवाडीचा, आमच्या गावात पोरगं शाळेत जायच्या आधी पंप ओळखतं. चहाचा रंग म्हणजे आधीच्या मालकानं बोअरचं पाणी भरलंय. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतात, घरातल्या गिझरची कॉइल उघडून बघा, तसंच. शिवाय नुसत्या पाण्यानं आतून गंज धरतो, तो तांबूस रंग त्याचाच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, नाहीतर तयार मिश्रण मिळतं ते.

थर्मोस्टॅटपण काढून बघा, सोपं आहे. पातेल्यात पाणी घ्या, त्यात दोऱ्यानं टांगून सोडा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि थर्मामीटर धरा. बऱ्याच गाड्यांचा ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, त्यावर आकडा कोरलेलाच असतो. पाणी उकळलं तरी मिटलेलाच राहिला तर गेला. घरातलं पातेलं मात्र परत स्वयंपाकाला वापरू नका.

निवृत्त_फिटर
रेडिएटर घाण आहे, मान्य. पण पंपवाले, रेडिएटर इतका तुंबला असता तर घाटानंतर सुरूर फाट्यापासून साताऱ्यापर्यंत ८० च्या स्पीडनं काटा मध्यात राहिला नसता. मला अजून हवेचाच संशय येतोय. झाकणाचं रबर बघितलंस का रे?

उंब्रज_५०
झाकणाचं काय असतं काका? पाणी सांडू नये म्हणूनच ना?

निवृत्त_फिटर
न्हाई न्हाई. कुकर डोळ्यासमोर आण. कुकरची रिंग ढिली झाली की शिट्टी होत नाही, डाळ कच्ची राहते. रेडिएटरचं झाकणही तसंच दाब धरून ठेवतं, ०.९ किंवा १.१ बार असं वरच लिहिलेलं असतं, आणि दाबाखाली पाणी १०० ला उकळत नाही, १२० च्या आसपास जातं. रबर चिरलं की दाब सुटला, की १०० लाच उकळ्या. घाटमाथ्यावर तर अजून आधी, महाबळेश्वरला उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ लाच उकळतं. शंभर-दोनशे रुपयाचं झाकण, पण जुनी गाडी घेतली की मी तेच पहिलं बदलतो. फक्त बार तोच घ्यायचा, जास्तीचा घेतला तर जुने होज, पाण्याच्या रबरी नळ्या, फुटतात.

उंब्रज_५०
हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद काका.

जरा विषयांतर, पण घरी शोधण्यावरूनच आहे. आमची गाडी उसाच्या रानाला लागून उभी असते. तोडणी झाली की उंदीर बेघर होतात आणि सरळ गाडीत. एक दिवस चेक इंजिनचा दिवा, गाडी थरथरायला लागली. मोबाईलला जोडायचा स्कॅनर घेतला, स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात घालायचा. कोड आला पी०३०१, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. मग एकची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) दोनला आणि दोनची एकला घातली, कोड खोडला, गाडी चालवली. कॉइल खराब असती तर कोड पी०३०२ झाला असता. तो एकच राहिला, म्हणजे कॉइल चांगली, दोष तिथल्या वायरीत नाहीतर प्लगमध्ये. टॉर्च मारला तर वायर दातानं सोललेली! कॉइलचे अडीच हजार वाचले.

माण_खटाव
त्याला निपाणीचा तंबाखू ठेवायचा, पानं कापडात बांधून बॅटरीजवळ. आमच्याकडं सगळे ठेवतात, उंदीर फिरकत नाही.

गोडोलीकर
बॅटरीजवळ वाळलेली पानं ठेवू नका हो! सायलेन्सरचा मॅनिफोल्ड काय गरम होतो माहितीय ना. एका गाडीत पुडी सुटून पानं मॅनिफोल्डवर पडलेली, करपल्याचा वास आला म्हणून गिऱ्हाईक आलं, नशीब चांगलं. खालून जाळी मारून घ्या, आणि दोन दिवसांनी एकदा बॉनेट उघडं ठेवून उजेड जाऊ द्या, अंधार आणि ऊब मिळाली की उंदीर राहतोच.

हरिपूरकर
सांगलीकडून माझंही एक. यवतेश्वर, गाडी कुठल्या पासिंगची आहे? विचारतोय कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, विचार करा. २०२१ ला परत. इथल्या किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन पुसून, सीट कव्हर नवीन घालून, लांबच्या गावात विकल्या गेल्या. मी २०२० मध्ये एक घेतली, कुणाकडून ते राहू दे. दिसायला नवी नवरी. चार महिन्यांनी रात्री दोनला आपोआप हॉर्न वाजायला लागला, सगळी गल्ली जागी. मग पॉवर विंडो, मग एबीएसचा दिवा, एक केलं की दुसरं.

तेव्हापासून गाडी बघायला गेलो की पहिल्यांदा सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढतो. वरचा भाग सगळे धुतात, पण जो गुंडाळून आत असतो त्यावर गाळाची रेघ राहते. माझ्या बेल्टवर ती रेघ होती, पिवळट, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. घेताना ओढून बघितला असता तर तिथंच कळलं असतं. मग सीटचे खालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात गाळ आहे का, आणि एखादा कनेक्टर उघडून पिना हिरव्या पडल्यात का. आतून सेंटचा वास जरा जास्तच येत असेल तर मी गाडीत बसतसुद्धा नाही.

यवतेश्वर_रोड
@हरिपूरकर दादा, एमएच १२ आहे. आत्ता जाऊन चारही बेल्ट ओढले, स्वच्छ आहेत. जीव भांड्यात पडला. तुमच्या गाडीचं वाचून वाईट वाटलं.

वाईची_वैशाली
सगळं वाचलं, आणि एक प्रश्न कुणीच विचारला नाही म्हणून लिहिते. मी रोज पसरणी घाटानं पाचगणीला शाळेत जाते, नऊ वर्षं, स्वतः गाडी चालवत. यवतेश्वर, खंबाटकीत एसी चालू होता की बंद?

यवतेश्वर_रोड
बंद होता ताई. चढाला एसी बंद करायचा, इंजिनवर लोड येतो, बाबांनी शिकवलंय तसंच.

वाईची_वैशाली
आणि गावात?

यवतेश्वर_रोड
गावात चालूच असतो, इतकं ऊन आहे.

वाईची_वैशाली
मग बघ हं. रेडिएटरमागं पंखे किती आहेत ते मोज. माझ्या गाडीत दोन आहेत, एक इंजिनचा, एक एसीच्या कंडेन्सरचा, शेजारी शेजारी. एसी लावला की तुला घर्रर्र ऐकू येतं ते कुठल्या पंख्याचं आहे ते कानानं कळत नाही, डोळ्यानं बघायला लागतं. इंजिनचा पंखा बंद पडलेला असेल तरी गावात एसीचा पंखा दोघांचं काम ओढत असणार. घाटात तू एसी बंद केलास आणि तोही थांबला. माझं दोन वर्षांपूर्वी अगदी असंच झालं होतं, पसरणीत, हॅरिसन फॉलीच्या अलीकडं, गाडीत चार मुलं होती.

निवृत्त_फिटर
वैशालीताई, हे खरं निदान. मी पंखा विचारला पण किती आणि कुठला हे विचारायचं राहिलं. आता पोरा, असं कर. एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेव, टॉर्च घेऊन बस, काट्याकडं एकानं बघायचं. काटा मध्याच्या वर जायला लागला आणि पंखा हलला नाही तर लगेच एसी लाव, हीटर फुल्ल सोड, इंजिनची उष्णता आत खेचली जाते, मग गाडी बंद. हात पंख्याजवळ न्यायचा नाही. काही गाड्यांत चावी काढल्यावरही गरम इंजिनला पंखा आपोआप लागतो, बोटं जातात.

यवतेश्वर_रोड
मंडळी, सापडलं!!

रात्री साडेनऊला पार्किंगमध्ये बसलो, काट्यावर आई. तिनंच मागून हाक मारली, "वर चाललाय रे." त्याच वेळी फ्यूजबॉक्समधून टक् असा बारीक आवाज आला, पण टॉर्चमध्ये ड्रायव्हरकडचा पंखा ढिम्म. एसी लावला तर शेजारचा गरगरायला लागला, हा मेलेलाच. ताई, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

गार झाल्यावर फ्यूज काढून बघितला, ३० अँपिअरचा, शाबूत. मग रिले, म्हणजे पंख्याला करंट सोडणारा स्विच, टक् वाजतो तो. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो पंख्याला लावून बघितला, फरक नाही. मग पंख्याचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, इंजिन परत गरम होऊ दिलं, टक् झालं आणि आकडा आला १३.८ व्होल्ट. म्हणजे करंट मोटरपर्यंत येतोय आणि मोटर घेत नाहीय. कनेक्टर परत बसवून लांब स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मोटरच्या पाठीवर दोनदा हळूच ठोकलं, तर पंखा दोन फेरे फिरला आणि परत थांबला.

निवृत्त_फिटर
मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश झिजलेत. ठोकल्यावर क्षणभर टेकतात, म्हणून फिरली. मोटर बदल, नवीन घे, जुन्या बाजारातली घेऊ नको, तिचेही ब्रश तेवढेच झिजलेले असणार.

पंपवाला
ताई, मानलं. मी रेडिएटरवर अडून बसलो होतो. तरी तो चहा काढून टाकाच बरं का. खालच्या नळीतनं सगळं सोडा, साधं पाणी भरून पाच-दहा मिनिटं चालवा, परत सोडा, स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं विसळणं डिस्टिल्डनं. आणि जुन्या पाण्यात कूलंटचा अंश असतो, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्रं-गुरं चाटतात. गटारात किंवा अंगणात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

गोडोलीकर
आणून द्या, आम्ही जुन्या ऑईलबरोबर साठवतो, घेऊन जाणारा येतो. भरल्यावर हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड चढाकडं करायचं, हीटर गरमवर, झाकण उघडं, बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवायची आणि पातळी भरत राहायची. हवा अडकली तर नवीन पंखा असून परत तापेल आणि तुम्ही मोटरला दोष द्याल.

यवतेश्वर_रोड
चढाची कमी नाही, घरच यवतेश्वरच्या उतारावर आहे.

शनिवारी सगळं केलं. नवीन मोटर २,८००, कूलंट ७५०, झाकण १८०. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, शेवटी लावली. चार स्क्रू, एक कनेक्टर, पण पंख्याची चौकट बाहेर काढताना रेडिएटरच्या पाकळ्या चेपू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवला, हे करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. पाणी तीन वेळा सोडलं तेव्हा स्वच्छ आलं, पहिल्या बादलीच्या तळाला वीटकरी गाळ बसला होता. जागेवर चालू ठेवून बघितली, एसी बंद, काटा मध्याच्या जरासा वर गेला, टक्, आणि पंखा लागला. दोन मिनिटांनी आपोआप थांबला. तो आवाज ऐकत मी तिथंच उभा राहिलो, तीन वेळा लागून थांबेपर्यंत.

रविवारी सकाळी आधी एकटा कासपर्यंत जाऊन आलो, मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये, एसी बंद. काटा हलला नाही.

हरिपूरकर
लय भारी भावा. आईंना विचारलंस का?

यवतेश्वर_रोड
विचारलं नाही, सरळ म्हणालो मावशीकडं पुण्याला जायचंय, येताना खंबाटकीतनंच यायचं. गेलो. येताना परत ट्रक, परत पहिला गिअर. आई सगळा घाट काट्याकडं बघत होती, रस्त्याकडं एकदासुद्धा बघितलं नाही. घाट उतरलो, सुरूर फाट्याला आल्यावर म्हणाली, "आता एसी लाव, उकडतंय."

निवृत्त_फिटर
छान. उद्या सकाळी गार इंजिनला झाकण उघडून पातळी बघ. नंतर आठवडाभर रोज. बोटभर जरी कमी झाली तर सांग, तापल्यानं कुठं होजची पकड ढिली झालेली असू शकते.

यवतेश्वर_रोड
बघितली काका, काठोकाठ आहे. रोज बघतो. जुनी मोटर भंगारात देऊ का? आणि @माण_खटाव दादा, तुमच्या चुलतभावाच्या गाडीत पंखा बघितला होता का कुणी?

माण_खटाव
न्हाई बघितला. इंजिन बांधून आणलंय, पण चढाला जरा तापतीच अजून. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन जातो.

निवृत्त_फिटर
जा, आणि एसी बंद ठेवून बघ. यवतेश्वर, मोटर टाकू नको, ब्रश वेगळे मिळतात, वाइंडिंगच्या दुकानात दाखव. पुढच्या महिन्यात साताऱ्यात येतोय, घेऊन ये, दोघं मिळून बसवू.